रविवारी दुपारी तीन वाजता: जर्मनीची क्राइसलीगा चालते कशी

जर्मनीत नोकरीला किंवा शिकायला आलेली आपली मुलं पहिल्या वर्षी बुंडेसलीगाची, म्हणजे देशातल्या सर्वांत वरच्या फुटबॉल लीगची, तिकिटं शोधत बसतात. दुसऱ्या वर्षी कधीतरी लक्षात येतं, की राहत्या गावाच्या टोकालाच एक मैदान आहे. तिथे एक रविवार सोडून एक रविवार दुपारी तीनला सामना होतो, तिकीट चारेक युरो, बघायला शंभर-सव्वाशे माणसं आणि कुंपणाशी सॉसेज भाजणारा एक काका. ही क्राइसलीगा. क्राइस म्हणजे जिल्हा. म्हणजे ही सरळ सरळ जिल्हा लीग, आणि जर्मन फुटबॉलचा खरा पसारा इथेच आहे.

इथली उदाहरणं मी व्युर्टेंबर्गमधली, म्हणजे स्टुटगार्टच्या बाजूची घेतो. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, महाराष्ट्राचा बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी २०१५ पासून करार आहे, आणि वाहन उद्योगामुळे पुण्याची माणसं या भागात पुष्कळ. नियम मात्र प्रदेशागणिक थोडे बदलतात. जर्मन फुटबॉल महासंघाखाली २१ प्रादेशिक संघटना आहेत आणि प्रत्येकीची नियमपुस्तिका वेगळी. तेव्हा इथे वाचलेलं आपल्या भागातल्या पुस्तिकेशी ताडून बघा.

पायऱ्या आधी समजून घ्या. वरून बुंडेसलीगा, दुसरी बुंडेसलीगा, तिसरी लीगा, चौथ्या पायरीवर पाच रेगिओनाललीगा, मग ओबरलीगा. तिथून खाली प्रत्येक प्रदेशाची नावं वेगळी. व्युर्टेंबर्गमध्ये सहावी फेरबांड्सलीगा, सातवी लांडेसलीगा, आठवी बेत्सिर्क्सलीगा, नववी क्राइसलीगा ‘ए’ आणि दहावी क्राइसलीगा ‘बी’. बवेरियात क्राइसलीगा आठव्याच पायरीवर येते आणि तिच्याखाली क्राइसक्लास, मग ‘ए’ क्लास, ‘बी’ क्लास. त्यामुळे म्युनिकचा मित्र आणि स्टुटगार्टचे तुम्ही दोघेही ‘क्राइसलीगात खेळतो’ म्हणालात, तरी पायरी एकच असेल असं नाही. यावरून बिअरच्या टेबलावर निष्कारण वाद होतात.

एका गटात साधारण १२ ते १६ संघ असतात. गटाला श्टाफेल म्हणतात आणि तो सांभाळणाऱ्याला श्टाफेललायटर. हा माणूस पगारी नसतो. बहुधा निवृत्त, कधी काळी पंच किंवा क्लबचा सचिव राहिलेला. वेळापत्रक, पुढे ढकललेले सामने, दंडाच्या नोटिसा, सगळं याच्या टेबलावरून जातं. उन्हाळ्यात हंगामाआधी सगळ्या क्लबांची बैठक होते आणि तिथे पहिली ओढाताण असते ती वेळापत्रकातल्या क्रमांकाची. १४ संघांच्या गटात १ ते १४ क्रमांक असतात, आणि कोणत्या रविवारी कोण घरी खेळणार ते त्या क्रमांकावरून आपोआप ठरतं. प्रत्येक क्लबला आपला पहिला आणि दुसरा संघ एकाच दिवशी घरी हवा असतो: दुसऱ्या संघाचा सामना एकला, पहिल्याचा तीनला. म्हणजे गेटवर, भट्टीपाशी आणि बारमध्ये माणसं एकदाच लावावी लागतात. शेजारच्या गावाला मात्र त्याच रविवारी घरचा सामना नको असतो, कारण बघणारी माणसं तीच. गावात जत्रा असेल तो रविवारही चुकवायचा असतो. सगळ्यांचं सगळं कधीच जमत नाही.

१४ संघ, प्रत्येकाशी घरी एक आणि बाहेर एक, म्हणजे २६ रविवार आणि १८२ सामने. ऑगस्टमध्ये सुरुवात, डिसेंबरपासून मार्चपर्यंत थंडीची सुट्टी, जूनच्या सुरुवातीला शेवट. जिंकल्यास ३ गुण, बरोबरीला १. इथवर सोपं आहे. डोकं खातं ते हंगामाअखेर खालच्या पायरीवर जाण्याचं गणित.

टीव्हीवरच्या लीगमध्ये ‘शेवटचे तीन खाली’ असं ठरलेलं असतं. इथे खाली जाणाऱ्यांची संख्या हलती असते, कारण वरून किती येतील ते प्रादेशिक नकाशावर ठरतं. समजा तुमच्या ‘ए’ गटात १४ संघ आहेत. विजेता वर जाणार, म्हणजे एक जागा रिकामी. खालच्या दोन ‘बी’ गटांचे विजेते वर येणार, म्हणजे दोन आले. बेत्सिर्क्सलीगातून तुमच्या भागातला एक संघ घसरला, म्हणजे आणखी एक. आले तीन, गेला एक. पुढच्या वर्षी १४ राखायचे तर दोन संघांना खाली जावं लागेल. आता त्याच वर्षी बेत्सिर्क्सलीगातून तुमच्या भागातले तीन घसरले, तर खाली जाणारे चार. म्हणजे अकराव्या क्रमांकावर निश्चिंत बसलेला संघ मे महिन्याच्या शेवटी भलत्याच मैदानावरच्या, भलत्याच दोन संघांच्या निकालामुळे खाली जातो. आपण हरलो म्हणून नव्हे, तर वरचा कोणी हरला म्हणून. हंगाम सुरू होण्याआधी एक तक्ता प्रसिद्ध होतो, वरून इतके आले तर इतके जाणार अशा रकान्यांचा. तो वाचून मार्चपासून वरच्या लीगवर डोळा ठेवणारा एक तरी माणूस क्लबमध्ये असावा लागतो.

दुसऱ्या क्रमांकाच्या संघाला बहुतेक ठिकाणी बाद फेरी खेळावी लागते, तिला रेलेगात्सिओन म्हणतात. वरच्या गटातला धोक्यात असलेला संघ आणि खालच्या गटातले दुसरे क्रमांक यांच्यात तटस्थ गावात सामने. एरवी शंभर माणसं येणाऱ्या क्लबांच्या या एका सामन्याला हजारावर प्रेक्षक जमतात, दोन्ही गावं रिकामी होतात. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालीम समोरासमोर आल्यावर जे वातावरण असतं, ते इथे जूनच्या एका संध्याकाळी दिसतं. यजमान गावाची मात्र चांदी, कारण बिअर त्यांची विकली जाते. ही फेरी घ्यायला क्लब अर्ज करतात ते उगाच नाही.

आता प्रत्यक्ष रविवार. आदल्या दिवशी प्लात्स्वार्ट, म्हणजे मैदान बघणारा माणूस, पट्टे ओढतो. दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणायची, रंगाची गाडी दोरीच्या कडेने एकाच चालीने न्यायची. थांबलात की तिथे डबकं. रेषा १२ सेंटिमीटरपेक्षा जाड चालत नाही, आणि सगळ्या एकाच जाडीच्या हव्यात. पूर्वी चुना टाकत. ओल्या गवतावर घसरून पडलेल्या खेळाडूची कातडी त्याने भाजायची, म्हणून आता पांढरा रंग. पाऊस झाला तर खरा प्रश्न असा, की मैदान बहुधा नगरपालिकेचं असतं. पालिकेने बंद केलं की क्लबचं काही चालत नाही. मग पाहुणा संघ, पंच आणि श्टाफेललायटर या तिघांनाही वेळेत कळवावं लागतं. एक जरी फोन राहिला आणि पाहुणा संघ चाळीस किलोमीटरवरून येऊन बंद फाटकापाशी उभा राहिला, तर त्यांच्या प्रवासाचा खर्च तुमच्या माथी येऊ शकतो. ज्यांच्याकडे कृत्रिम गवताचं मैदान आहे ते नोव्हेंबरात सुखात असतात. तिथे लोखंडी खिळ्यांचे बूट चालत नाहीत आणि चिखलाचे बूट भिंतीवर आपटू नयेत अशी पाटी हमखास असते. भिंतीवरचे डाग पाटीच्या आधीचे की नंतरचे, ते विचारू नये.

सामन्याआधीचं सगळं काम महासंघाच्या डीएफबीनेट या संगणक प्रणालीवर. संघाचा व्यवस्थापक फोनवर सामन्याचा अहवाल, म्हणजे श्पीलबेरिश्ट, उघडतो, यादीतून अकरा खेळाडू आणि राखीव निवडतो, शर्टाचे क्रमांक टाकतो आणि यादी मोकळी करतो. मग ती पंचाला दिसते. पूर्वीचं छापील ओळखपत्र बहुतेक ठिकाणी गेलं. आता प्रणालीतला फोटो हीच ओळख. पंच खेळण्याआधी फोटो आणि चेहरा ताडतो. फोटो नसेल किंवा दहा वर्षांपूर्वीचा असेल, तर सरकारी ओळखपत्र दाखवावं लागतं. म्हणून शहाणा व्यवस्थापक फोटो जुलैतच भरून टाकतो.

गफलत इथेच होते. यादी बनवताना प्रणाली इशारा देते, पण घाईत तो वाचला जात नाही. बंदी संपली नसलेला, नोंदणीच्या तारखेला दोन दिवस बाकी असलेला, किंवा काल-परवाच वरच्या संघात खेळल्यामुळे दुसऱ्या संघासाठी अडकलेला खेळाडू मैदानात उतरला, की तुम्ही ५-० जिंकलात तरी निकाल प्रतिस्पर्ध्याच्या नावे. हा शेवटचा नियम नीट समजून घ्या. पहिल्या संघाला सुट्टी आणि दुसरा संघ संकटात असला, की पहिल्यातले पाच तगडे खेळाडू खाली उतरवण्याचा मोह होतो. तो रोखायला प्रत्येक संघटनेने किती दिवसांचं अंतर आणि एका वेळी किती जण याची मर्यादा घातली आहे. मर्यादा जागोजागी वेगळी, पण ती नाही असं कुठेच नाही. मला विचाराल तर हा नियम योग्यच आहे. नाहीतर खालच्या लीगला काही अर्थच उरला नसता.

सामना संपल्यावर निकाल तासाभरात प्रणालीत गेला पाहिजे. विसरलात तर दंडाची नोटीस येते. रक्कम लहान असते, पण वर्षाच्या शेवटी खजिनदार त्या सगळ्या नोटिसा एकत्र मांडतो तेव्हा तेवढ्यात दोन चांगले चेंडू आले असते हे कळतं.

पंच एकटाच असतो. रेषेवर झेंडा घेऊन उभी असलेली माणसं दोन्ही क्लबांचीच, आणि त्यांचं काम फक्त चेंडू बाहेर गेला हे दाखवणं. ऑफसाइड पंचाने एकट्याने, चाळीस मीटरवरून, उन्हाकडे तोंड करून बघायचा. बाजूने ओरडणारा प्रत्येक काका मात्र नेमका रेषेत उभा असतो. पंचाचं मानधन आणि प्रवासखर्च यजमान क्लब देतो. प्रवासाचा दर सहसा किलोमीटरला ३० सेंट. काही ठिकाणी वर्षाचा एकूण खर्च सगळ्या क्लबांत सारखा वाटतात, म्हणजे लांबून येणाऱ्या पंचाचा भुर्दंड एकालाच पडत नाही.

पंचांची टंचाई हा या लीगचा जुना आजार. महासंघाने २०२३ हे वर्षच पंचांचं म्हणून जाहीर केलं होतं. क्लबला संघांच्या संख्येनुसार ठरावीक पंच पुरवावे लागतात. कमी पडले तर दरवर्षी वाढत जाणारा दंड, आणि काही संघटनांत थेट गुणकपात. हो, पंच दिला नाही म्हणून तक्त्यातले गुण जातात. तळाच्या वर्गात कधीकधी पंच नेमलाच जात नाही. मग दोन्ही कप्तानांच्या संमतीने क्लबचाच कोणी शिट्टी घेतो आणि पुढची नव्वद मिनिटं गावात आपले शत्रू वाढवतो. शिवीगाळ वाढली म्हणून २०२४-२५ पासून दोन गोष्टी आल्या. निर्णयाबद्दल पंचाशी फक्त कप्तानाने बोलायचं, ही एक. दुसरी थांबा-पद्धत: वातावरण तापलं तर पंच खेळ थांबवून संघांना वेगळं करतो. असं दोनदा करता येतं. तिसऱ्यांदा वेळ आली तर सामना तिथेच बंद. पुष्कळ संघटनांनी पिवळ्या आणि लाल कार्डाच्या मधली दहा मिनिटांची बाहेर बसण्याची शिक्षाही परत आणली आहे. दहा जणांनी दहा मिनिटं खेळताना आपलेच सोबती त्या शहाण्याला काय काय ऐकवतात, त्याचा परिणाम कार्डापेक्षा जास्त होतो.

माणसं कमी पडणं हा दुसरा आजार. सामना सुरू करायला किमान सात खेळाडू लागतात. संघ आलाच नाही तर निकाल प्रतिस्पर्ध्याला ३-० (काही भागांत २-०) आणि वर दंड. बहुतेक पुस्तिकांत तीनदा न येणाऱ्या संघाचं नावच हंगामातून काढतात, आणि मग त्याच्याशी खेळलेल्या इतरांचे गुणही पुसले जाऊ शकतात. त्याला ८-० हरवून बसलेले तेव्हा बोंब मारतात. यावर तोडगे निघाले आहेत. दोन-तीन गावांनी मिळून एक संघ करायचा. व्युर्टेंबर्गमध्ये अशा संघाच्या नावाआधी ‘एसजीएम’ दिसतं. आजोबांच्या काळात एकमेकांवर चिखल फेकणारी गावं आज एकाच रंगाच्या शर्टात खेळतात. काही जिल्ह्यांत तळाच्या वर्गात नऊ विरुद्ध नऊही चालतं. आणि खालच्या लीगमध्ये बहुधा बाहेर काढलेला खेळाडू परत आत येऊ शकतो. पस्तिशीतला बचावपटू वीस मिनिटं खेळून, पाणी पिऊन, अर्ध्या तासाने पुन्हा उतरतो, त्याला हा नियम वरदान आहे.

आता क्लब बदलण्याची भानगड. सर्वाधिक नुकसान इथेच होतं आणि ते टाळणंही सर्वांत सोपं असतं. हौशी खेळाडूला उन्हाळ्यात क्लब बदलायचा तर ३० जूनपर्यंत जुन्या क्लबातून खेळाडू म्हणून नाव काढावं लागतं आणि ३१ ऑगस्टपर्यंत नव्या क्लबाचा अर्ज पोचावा लागतो. जुन्या क्लबाने संमती दिली तर प्रश्न नाही. नाही दिली, तरी नवा क्लब ठरलेली भरपाई देऊन खेळाडू घेऊ शकतो. रक्कम नव्या क्लबाचा पहिला संघ कोणत्या पायरीवर आहे त्यावर ठरते: पुरुषांत नवव्या पायरीला आणि खाली २५० युरो, आठव्या पायरीला ५००, सातव्या पायरीला ७५०, सहाव्या पायरीला १,५००, आणि अशी चढत वर ५,००० पर्यंत. संमतीही नाही आणि भरपाईही नाही, तर १ नोव्हेंबरपर्यंत बाकावर बसायचं, म्हणजे अर्धा हंगाम गेलाच. हिवाळ्यात ३१ डिसेंबरपर्यंत नाव काढून जानेवारीत अर्ज करता येतो, पण तेव्हा पैसे टाकून सुटका नाही. जुन्या क्लबाची संमतीच लागते. म्हणून डिसेंबरात सगळे एकदम गोड बोलायला लागतात. शेवटच्या सामन्याला सहा महिने उलटले असतील, तर मात्र खेळाडू मोकळाच.

यात दोन फटी लक्षात ठेवण्यासारख्या. नाव काढल्याची सूचना आल्यावर जुन्या क्लबाने १४ दिवसांत संमती देतो की नाही हे कळवायचं असतं. गप्प राहिला तर संमती दिली असं धरतात. सचिव जुलैत इटलीला सुट्टीवर गेला, पोस्टाची पेटी कोणी उघडली नाही, आणि वीस गोल करणारा आघाडीचा खेळाडू एक छदामही न मिळता शेजारच्या गावात, असं होतं. दुसरी फट खेळाडूसाठी. खेळाडू म्हणून नाव काढणं आणि क्लबाचं सभासदत्व सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सभासदत्व बहुधा फक्त वर्षअखेर सोडता येतं आणि त्यासाठी वेगळं पत्र लागतं. ते न पाठवणारे दोन-दोन क्लबांची वर्गणी भरत राहतात.

पैसा येतो कुठून? वर्गणी वर्षाला साधारण शंभर युरोच्या आगेमागे, कुंपणावरच्या जाहिरातींच्या फळ्या, क्लबघराचं भाडं, उन्हाळी उत्सव, रद्दी गोळा करणं, आणि जानेवारीत पोरांनी ट्रॅक्टर घेऊन घरोघरचे वाळलेले ख्रिसमस वृक्ष उचलणं. रविवारचा हिशेब मांडायचा तर, समजा १०० जण चार युरो देऊन आले, म्हणजे ४००. त्यातून पंच, साबण-गरम पाणी, कपड्यांची धुलाई. उरलं ते फारसं नाही. नफा बिअर आणि सॉसेजवर. म्हणून भट्टीपाशी कोण उभं राहणार याची यादी संघाच्या यादीइतकीच गंभीरपणे लावतात. प्रशिक्षकाला मिळणाऱ्या रकमेला करात सूट आहे. २०२१ मध्ये ही मर्यादा वर्षाला ३,००० युरो केली गेली. काही गावांत खेळाडूंनाही पाकिटं मिळतात. सगळ्यांना ठाऊक असतं, कोणी बोलत नाही. असा पैसा सहसा एकाच उद्योजकाच्या खिशातून येतो, आणि तो कंटाळला की दोन वर्षांत संघ तीन पायऱ्या खाली दिसतो.

भारतातून आलेल्याला खेळायचं असेल तर क्रम असा. क्लबच्या पानावरून सरावाचे दिवस बघायचे, बहुधा मंगळवार आणि गुरुवार किंवा शुक्रवार, संध्याकाळी सात-साडेसात. बूट घेऊन थेट जायचं, प्रशिक्षकाला सांगायचं, बहुधा नाही म्हणत नाहीत. दोन-तीन सरावांनंतर सभासदत्वाचा अर्ज पुढे येतो. तो टाळू नका, कारण सरावात गुडघा गेला तर क्लबचा विमा सभासदाला असतो. त्यानंतर खेळण्याच्या नोंदणीचा अर्ज. परदेशातून आलेल्यासाठी तो महासंघाच्या मुख्य कचेरीतून जातो आणि तिथून भारतीय महासंघाकडे दिल्लीला विचारणा होते, की हा तुमच्याकडे नोंदलेला आहे का. पासपोर्टची प्रत, इथल्या पत्त्याच्या नोंदणीचा दाखला आणि आधी कुठे खेळलात ते लिहून द्यावं लागतं. आधी मुंबईच्या किंवा कोल्हापूरच्या लीगमध्ये नाव नोंदलेलं असेल तर क्लबचं नाव आणि शेवटच्या सामन्याचं वर्ष खरं लिहा. ‘कुठेच खेळलो नाही’ लिहून काम लवकर होईल असं वाटतं, पण नंतर नोंद सापडली तर तुम्ही खेळलेले सगळे सामने धोक्यात. मंजुरीला काही आठवडे जातात. तोवर सराव करा, आणि रविवारी भट्टीपाशी उभे राहा, तिथे माणूस नेहमीच हवा असतो. सोबत मुलं असतील तर अठराखालच्यांसाठी जास्तीची कागदपत्रं लागतात, कारण आईवडील फुटबॉलसाठी नव्हे तर नोकरीसाठी आले हे दाखवावं लागतं.

वय बत्तीसच्या पुढे असेल तर ‘आल्टे हेरेन’, म्हणजे ज्येष्ठांचा संघ विचारा. तिथे धावणं कमी आणि नंतरचं बसणं जास्त. आणि गुडघे अगदीच गेले असतील पण जर्मन बऱ्यापैकी येत असेल, तर पंचांचा वर्ग करा. काही दिवसांचं प्रशिक्षण, नियमांची परीक्षा, वर्षाला ठरावीक सामने. पंचाचं ओळखपत्र हातात आलं की जागा असेपर्यंत बुंडेसलीगाच्या सामन्यांनाही फुकट प्रवेश मिळतो, आणि क्लबचा एक दंडही वाचतो.